उलटं चालणारा गव्हर्नर

नाहीच ठेवला हो विश्वास! एकानेसुद्धा नाही ठेवला. मी घसा फोडून सांगतेय, अहो हा माणूस गव्हर्नर नाही, नाही, त्रिवार नाही, आणि सिस्टर मला म्हणतात, "मावशी, बादली हलवा आधी, साहेबांना फिनेलचा वास येतो." साहेबांना! वास! अहो, त्याच वासावर त्या माणसाने डोळे मिटून असा श्वास घेतला होता ना... जसा कुणी दिवसभर बाहेर उंडारून आपल्या घराचं दार उघडल्यावर घेतं. मी बघितला. पण चौथी शिकलेल्या बाईचं ऐकतो कोण?

थांबा, अशी मधूनच सुरू झाले तर तुम्हीही म्हणाल हिचं डोकं फिरलंय. पहिल्यापासून सांगते. मी हॉस्पिटलात फरशी पुसते. चौथा मजला, सत्तावीस वर्षं. चौथा मजला म्हणजे स्पेशल खोल्या... खिडकीला पडदे, पडद्याला झालर, आणि पेशंटच्या खोकल्यालासुद्धा रुबाब. तर एका सोमवारी मामांनी, म्हणजे आमच्या स्ट्रेचर ढकलणाऱ्यांनी, एक म्हातारा वर आणला. बसस्टँडवर पाय घसरून पडलेला, डोक्याला सहा टाके, अंगात ताप, आणि बोलतोय ती भाषा कुठली, तर देवालाच ठाऊक. आपल्याकडचं अक्षर कळत नाही. खिशात फक्त एक कार्ड, तेही डबक्यात भिजून पापडासारखं फुगलेलं. नाव गेलं वाहून. राहिलं काय? फोटो अर्धा, एक गोल शिक्का, आणि शिक्क्याच्या मधोमध एक शब्द. खाली खिडकीवर आमचा कारकून बसतो, अतिशहाणा, त्याने त्या शब्दावर मोबाइल धरला आणि मोबाइल बाईच्या आवाजात बोलला, "गव्हर्नर."

झालं! अहो, त्या एका शब्दाने काय पळापळ! मोठे साहेब... म्हणजे हॉस्पिटलचे, औषधाचं नाही, हिशेबाचं बघणारे... ते चार मजले जिना चढून आले, लिफ्टची वाट न बघता! छाती भात्यासारखी. आणि वाकून विचारतात, "आपण... गव्हर्नर?" तर तो म्हातारा एकदम उजळला. इतक्या वेळात पहिला ओळखीचा शब्द कानावर पडला ना बिचाऱ्याच्या! छातीवर हात ठेवून मान डोलवून म्हणतो, "गव्हर्नर, गव्हर्नर!" आता ह्यापुढे काय पुरावा पाहिजे? खोटं तर तो बोललाच नाही. हे लक्षात ठेवा हां, तो म्हातारा एक अक्षरही खोटं बोललेला नाही.

मग काय, नवी चादर, नवा अभ्रा, टेबलावर फुलं, मोठे डॉक्टर दिवसातून दोनदा. दाराशी एक रखवालदार, भेटायला कुणालाही बंदी. साहेब म्हणाले, "त्यांच्या वकिलातीत कळवा." मला वाटलं, वकिलाची काय गरज, भांडण कुठे झालंय? तर म्हणे वकिलात म्हणजे दुसऱ्या देशाचं कचेरीघर. घ्या! म्हणजे वकील कोर्टात आणि वकिलात परदेशात! त्या वकिलातीत फोन कुणी उचलेना, तेव्हा साहेबांनी ठरवलं की गुरुवारी सकाळी दहाला ह्यांना मानाने, गाडीने, राजधानीतल्या मोठ्या हॉस्पिटलात पोचतं करायचं. सहाशे किलोमीटर.

आणि तो म्हातारा? त्याला ताटातलं गिळवेना. खिडकीशी बसायचा आणि एकच शब्द म्हणायचा. पुन्हा पुन्हा, हळू, आपण देवघरात बोलतो तसा. सिस्टर म्हणाल्या, "औषधाचं नाव असेल." साहेब म्हणाले, "छे, त्यांच्या प्रांताची राजधानी असेल. जबाबदारीची जाणीव बघा माणसाला!" मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, राजधानीच्या आठवणीने कुणी असं नाक पुसत नाही. ते माणसाचं नाव होतं. पण मी म्हटलं तर माझं ऐकतो कोण?

मंगळवारी दुपारी मी त्याची खोली पुसायला गेले. दाराशी बादली ठेवली, फडकं भिजवलं, आणि कंबर धरली माझी... पन्नाशी झाली, बोलायचं काम नाही. मी 'आई गं' म्हणून भिंतीला टेकले. तर हा पलंगावरून उतरला! अहो, टाके, ताप, सगळं घेऊन! माझ्या हातातून फडकं काढून घेतलं, मनगटावरून दोन पीळ आणि शेवटी एक झटका, असं पिळलं की थेंब राहायला नको. दांडीला लावलं. आणि मग, तुम्हाला सांगते, तो खोलीच्या पार आतल्या कोपऱ्यात गेला आणि तिथून पुसत पुसत मागे मागे, मागे मागे, उलटा चालत दारापर्यंत आला. पलंगाच्या पायाशी वळसा, खुर्चीखाली दोन हात, ओल्या फरशीवर पाऊल नाही. दाराशी आला, मागे न बघता टाचेने उंबरठा चाचपला, आणि थांबला.

मी बघतच राहिले. अहो, मोठी माणसं पुढे चालतात! साहेब पुढे चालतो, डॉक्टर पुढे चालतो, आणि नुकत्या पुसलेल्या फरशीवरून तर हटकून पुढे चालतो. आयुष्यभर उलटं चालतो तो फक्त फरशी पुसणारा. गव्हर्नर कधी टाचेने उंबरठा शोधतो का हो?

धावत गेले सिस्टरकडे. म्हटलं, "सिस्टर, हा आपल्यातला आहे. फरशीवाला आहे." सिस्टर म्हणाल्या, "मावशी, मोठी माणसं साधी असतात." साहेबांकडे गेले. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुम्ही परदेशच्या गव्हर्नरला फरशी पुसायला लावलीत?" घ्या! मीच आरोपी! मोठे डॉक्टर तेवढे जरा बरे, ते म्हणाले, "मावशी, डोक्याला मार लागला की माणसं काहीही करतात." मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मार लागून माणूस विसरेल, पण मार लागून कुणी पिळायला शिकेल का?" तर हसले आणि गेले. पुढे चालत. माझ्या ओल्या फरशीवरून.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो दिवाणावर आडवा, पेपर वाचत. म्हणतो, "कार्डावर गव्हर्नर लिहिलंय ना? मग?" मी म्हटलं, "अहो, दिवाण म्हणजे पूर्वी राजाचा कारभारी होता म्हणतात, आणि आज तुम्ही त्याच्यावर लोळताय! लिहिल्याचं काय घेऊन बसलात?" उठून बसला दोन मिनिटं. मग पुन्हा आडवा. घरातसुद्धा माझं ऐकतो कोण?

बुधवार उजाडला. गाडी उद्या दहाला. दुपारी मी मागच्या अंगणात फडकी धुवायला गेले तर नळापाशी एक मुलगी. विशीची, डोळे रडून सुजलेले, रुमाल धूत होती तोंड पुसायला. मी नेहमीप्रमाणे खेकसले, "ए बाई, हा नळ कामाचा आहे!" ती दचकून "माफ करा" म्हणाली आणि तिने तो रुमाल पिळला.

मनगटावरून दोन पीळ. शेवटी एक झटका.

माझ्या हातातली फडकी खाली! अहो, असलं पिळणं कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. ते घरात, बापाच्या नाही तर आईच्या शेजारी उभं राहून बघून बघून येतं. म्हटलं, "कुणाला शोधतेस गं?" ती परदेशची, आपली इथली भाषा पुस्तकातून शिकलेली, एकेक शब्द मोजून ठेवल्यासारखा बोलायची. "माझे बाबा. सोमवारी गावाहून येणार होते. मी स्टँडवर गेले, ते नव्हते. सगळी हॉस्पिटलं बघितली. इथे तीन वेळा आले. खिडकीवर सांगितलं, म्हातारे आहेत, शाळेत शिपाई आहेत. ते म्हणतात, शिपाई कुणी आलेला नाही."

आता बघा कशी गाठ बसलीय! पोरीने किती कष्टाने आपला शब्द शिकून, बरोबर तोच सांगितला, शिपाई. आणि कारकुनाने वही बघून बरोबर तेच उत्तर दिलं, शिपाई नाही. सगळे बरोबर, आणि बाप वर उपाशी!

मी काही विचारलं नाही. फक्त तो शब्द म्हटला, जो तो खिडकीत बसून म्हणायचा. तो मी तुम्हाला सांगणार नाही, पोरीचं नाव आहे ते. तिने माझं मनगट असं धरलं... दोन दिवस वळ होता.

दाराशी रखवालदार, खिडकीवर कारकून, वर बंदी. विचारायला गेले असते तर अर्ज करा म्हणाले असते, आणि अर्जाचं उत्तर येईपर्यंत बाप सहाशे किलोमीटर. आणि त्या दिवशी त्याला तपासायला खाली नेलेलं, माझी पाळी सुटेपर्यंत वर आणणार नव्हते. मी म्हटलं, "उद्या सकाळी नऊला ह्याच नळाशी ये. माझा जादा झगा घालायचा आणि गप्प माझ्यामागे चालायचं."

गुरुवारी मागच्या जिन्याने चार मजले. तिच्या अंगात माझा झगा, दोन पोरी मावतील एवढा, आणि हातात बादली, रखवालदाराला शंका नको म्हणून. मेल्याने बघितलंसुद्धा नाही! बादली हातात असली की माणूस दिसतच नाही, हा माझा सत्तावीस वर्षांचा अनुभव.

आत सगळा दरबार. मोठे साहेब गुच्छ घेऊन, डॉक्टर, सिस्टर, कारकूनसुद्धा भांग पाडून. म्हातारा मध्ये, कुणाचा तरी कोट घातलेला, लग्नात हरवलेल्या मुलासारखा. त्याने मान वर केली. तिला बघितलं. साहेबांनी नुकताच हातात दिलेला गुच्छ पडला खाली. मला वाटलं, आता मिठी मारणार, आता रडणार... तर हा तरातरा आला, पोरीच्या हातातली बादली हिसकून घेतली, धाडकन खाली ठेवली आणि माझ्यावर असा ओरडला, असा ओरडला, की साहेब दोन पावलं मागे सरकले. उलटे! पहिल्यांदाच बघितले!

"काय... काय म्हणताहेत गव्हर्नर?" साहेबांनी विचारलं.

पोरगी रडतेय आणि हसतेय. म्हणाली, "बाबा विचारतात, ह्या बाईने माझ्या मुलीच्या हातात बादली का दिली? मी तीस वर्षं बादली उचलली, ती हिने उचलू नये म्हणून. ती डोळे तपासायचं शिकते आहे."

मी मोठ्या डॉक्टरपुढे कधी वाकले नाही, पण त्या माणसापुढे हात जोडले. म्हटलं, "चुकलं हो दादा. शंभरदा चुकलं." पोरीने सांगितलं त्याला. तेव्हा कुठे त्याने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि आधी काय केलं? तिच्या बाहीचा ओला भाग चिमटीत धरून पिळला. मग रडला.

साहेबांचा जीव अजून त्या शब्दात अडकलेला. "पण कार्डावर गव्हर्नर आहे!" तर पोरगी म्हणाली, "हो, आहेतच. फार पूर्वी बाहेरचे लोक राज्य करायला आले होते, त्यांचा गव्हर्नर मोठ्या बंगल्यात राहायचा. मग ते गेले. बंगल्यात शाळा झाली. किल्ल्या राहिल्या झाडणाऱ्या माणसाकडे. मुलं त्यालाच गव्हर्नर म्हणायला लागली. आता आमच्याकडे गावोगाव शाळा आहेत आणि प्रत्येक शाळेत एक गव्हर्नर आहे. घंटा वाजवतो, वर्ग झाडतो, रडणाऱ्या मुलाला घरी सोडतो. आमच्या भाषेत दुसरा अर्थ कुणाला आठवतही नाही."

मी म्हटलं, "मी मंगळवारीच सांगितलं होतं." पण तेव्हाही माझं ऐकतो कोण?

अर्ध्या तासात म्हातारा खाली, जनरल वॉर्डात. कोट गेला, फुलं गेली, पडदा गेला. आणि तो? तो तिथे पहिल्यांदा पोटभर जेवला! दाराजवळची खाट, शेजारी स्टुलावर लेक. संध्याकाळी मी गेले बघायला, तर पोरीने विचारलं, "तुम्हाला इथे सगळे मावशी म्हणतात. तुम्ही एवढ्या लोकांच्या आईच्या बहीण?"

मी हसले. म्हटलं, "अगं नाही गं वेडे, तो माझा हुद्दा आहे. इथे फरशी पुसणारीला मावशी म्हणतात."

तिने जरा विचार केला. म्हणाली, "म्हणजे बाबांसारखंच झालं." मग म्हणाली, "मी पुस्तकात शिकले, मावशी म्हणजे आईची बहीण. माझी आई नाहीये. मी म्हणेन तेव्हा ते पुस्तकातलं समजा."

फिनेल गेलं हो डोळ्यात. बादली जवळच होती ना.

आता तुम्ही विचाराल, मग ह्या सगळ्या घोळात चूक कुणाची ठरली? ठरणारच! शनिवारी चौकशी बसली. तीन खुर्च्या, एक टेबल, मी उभी. कारकून म्हणाला मोबाइलने सांगितलं, मोबाइलला काही विचारता येईना. डॉक्टर म्हणाले मी डोकं तपासतो, हुद्दा नाही. सिस्टर म्हणाल्या साहेबांचा हुकूम. साहेब म्हणाले माझ्याकडे जसं आलं तसं मी पुढे पाठवलं. चेंडू असा गोल गोल फिरला आणि शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की एक परकी व्यक्ती, परवानगीशिवाय, मागच्या जिन्याने, हॉस्पिटलचा झगा घालून चौथ्या मजल्यावर आणली गेली. सगळ्यांचे चेहरे कसे हलके झाले! कारकुनाने लिहायला घेतलं आणि एकदम अडला. सत्तावीस वर्षं रोज बघतो मला, आणि ओशाळून विचारतो, "तुमचं नाव... काय लिहू?"

दार उघडं होतं. बाहेर बाकावर ती पोरगी बापाचा हात धरून माझी वाट बघत बसली होती. मी म्हटलं, कशाला आता वाद? लिही बाबा, जे सगळे म्हणतात तेच लिही. मग त्याने मान खाली घातली, सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "झाल्या प्रकारास सर्वस्वी जबाबदार : मावशी."