उणं पिंप

इपोलीत : मग बाटल्या सांगून ठेवू ना, वहिनी? बुटक्या, रुंद खांद्यांच्या. डिसेंबरात या पिंपाला सहा वर्षं भरतील. ऐन वेळी धावाधाव नको.

लेओनी : अहो भावजी, आत्ता तर जून चाललाय. आधी चाखून तर बघा.

इपोलीत : बघतो. तोटी सोडा जरा... बास, बास. क्लोविसची शेवटची वाईन! धड उभं राहवत नव्हतं, तरी या पिंपाचं बूच स्वतः ठोकलं पठ्ठ्यानं. आणि महिन्याभरात गेला.

लेओनी : एकवीस दिवसांत.

इपोलीत : हं.

लेओनी : कशी आहे?

इपोलीत : वळणावर आहे.

लेओनी : दर वेळी तेच म्हणता.

इपोलीत : मग काय दर वेळी नवं भाषण ठोकू? चला वर. तळघरात सांधे धरतात माझे. कोंबडीचा वास पार इथवर आलाय.

लेओनी : मोरेल अळंबी घातलीत. आणि यांची जुनी पिवळी वाईन. शेवटची बाटली होती.

इपोलीत : शेवटची? अरे देवा! बरं, असू दे. डिसेंबरात ही येईलच. दोनशे बाटल्या सांगतो.

लेओनी : नका सांगू.

इपोलीत : का?

लेओनी : यात पिवळी वाईन नाहीच, भावजी. मी पिंप भरलं.

इपोलीत : भरलं म्हणजे?

लेओनी : पार बुचापर्यंत. ते गेल्याला वर्ष झालं तेव्हा. चर्चमधली प्रार्थना आटोपून आले, खाली उतरले, पिंपावर टिचकी मारली. वरचं सगळं पोकळ वाजलं. चार बोटं उणं झालेलं. आजारात तेही असेच ओसरत गेले होते ना दिवसेंदिवस. मला नाही बघवलं. शेजारच्या पिंपातली साधी पांढरी काढली आणि ओतली. तेव्हापासून महिन्याच्या महिन्याला ओततेय.

इपोलीत : चाळीस वर्षं काढलीत या ज्युरात! इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं, हे पिंप उणं होऊ द्यायचं, वर यीस्टची साय धरू द्यायची, तिच्यानंच वाईन पिवळी होते, हात म्हणून लावायचा नाही—

लेओनी : ठाऊक होतं हो! ठाऊक असूनच ओतलं. यांची शेवटची वाईन मीच घालवली.

इपोलीत : आणि मला बोलला नाहीत.

लेओनी : बोलले असते तर तुम्ही कशाला आला असता? जानेवारीत एकदा येता, जूनमध्ये एकदा. चाखता, मग वर बसून जेवता. तेवढे दोन दिवस मी टेबल मांडते. एरवी ओट्याशी उभ्या उभ्याच खाते, पातेल्यातून. लबाडी केली मी. काय रागवायचं ते रागवा.

इपोलीत : मी कुठल्या तोंडानं रागवू?

लेओनी : म्हणजे?

इपोलीत : पन्नास वर्षं चाखतोय, वहिनी. ना अक्रोडाचा वास, ना जिभेवर ती चरचर. तुम्ही ओतायला लागल्यावरच्या पहिल्या जानेवारीतच कळलं होतं मला.

लेओनी : आणि तरी ‘वळणावर आहे, वळणावर आहे’ करत राहिलात?

इपोलीत : काय करू? वाया गेली म्हटलं असतं, तर पुन्हा यायला निमित्त काय उरलं असतं? घरी जेवायला बसलो की समोर भिंत असते माझ्या. रेडिओ लावतो. त्याला ‘मीठ दे’ म्हणता येत नाही. म्हणून तर तुमच्यादेखत पिंपावर कधी टिचकी मारली नाही.

(लेओनी पिंपावर टिचकी मारते. भरीव आवाज येतो.)

लेओनी : मग आता या पिंपाचं काय करायचं?

इपोलीत : साध्या बाटल्यांत भरा आणि प्या. कोंबडीपुढे टिकायची नाही ही, कोम्ते चीजपुढेही नाही. पण लोण्यात परतलेला ट्राउट मासा असला, तर बरी लागेल.

लेओनी : मासे हेच आणायचे आणि हेच साफ करायचे. मला नाही जमत.

इपोलीत : मला जमतं.

लेओनी : अजून जाता नदीवर?

इपोलीत : दर गुरुवारी. एक मिळाला की उठतो. एकट्याला एक पुरे होतो.

लेओनी : या गुरुवारी दोन मिळेपर्यंत बसा.