मळीची टाकी आवाजाने फोडल्याच्या तक्रारीबाबत

जबाब, दि. २८ एप्रिल १९९८

नाव संगमेश्वर गुरुपाद हलगे, वय ३४ वर्षे, धंदा नोकरी (इंजिनिअर, टाक्या व पाइप तपासणी), रा. औरंगाबाद, मूळ रा. लिंबागणेश, जि. बीड.

बोलावल्यावरून ठाण्यात हजर होऊन सांगतो की, भैरवबन साखर कारखान्याचे चेअरमन आश्रुबाआप्पा यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. मी यंत्रातून आवाज सोडून त्यांची मळीची टाकी फोडली, असे त्यांचे म्हणणे आहे. ते खरे नाही.

मळीवरचे सरकारी नियंत्रण उठल्यापासून कारखाना साखर काढून उरलेली ही दाट काळी मळी बाहेर विकतो. विदेशी कंपनीचे लोक करारासाठी येणार होते. त्यांना टाकी मजबूत असल्याचा दाखला हवा होता, म्हणून मला बोलावले. माझे यंत्र पत्र्याला चिकटवले की माणसाला ऐकू न येणारा आवाज पत्र्यातून लांबवर धावतो आणि चीर असेल तेथून परत फिरतो. त्याने पत्रा सोडा, पापडही मोडत नाही.

पत्रा तापला की आवाज हळू धावतो व धडधाकट टाकीही बिघडलेली दिसते. म्हणून घाई केली नाही. एप्रिलची पहाट साधारण जानेवारीच्या दुपारइतकी गरम असते. जानेवारीत दुपारी याच टाकीची मी केलेली पहिली मोजणी माझ्याकडे होती. ती पहाटेच्या मोजणीशी ताडली. उन्हाचा फरक गेला. तळाच्या वेल्डिंगजवळची एक खूण गेली नाही.

मी म्हणालो, "आप्पा, चीर पडली आहे. टाकी रिकामी करा."

ते म्हणाले, "आवो, ऊन लई हाय. लोखंड फुगतंय."

"उन्हाचा फरक काढूनच सांगतोय. मोजणी पहाटेची आहे."

"मग गारठ्यानं आसंल." पुढे म्हणाले, "ज्या टायमाला टाकी चांगली दिसती, त्या टायमाचा दाखला द्या की."

असा टाइम नाही, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी माझ्यासाठी आलेला चहा परत पाठवला.

टाकीच्या सावलीत छबुबाई नावाच्या विधवा बाईचे चहाचे हॉटेल होते. मी तिला जागा सोडण्यास सांगितले.

"कावून? मला तर कसलाच आवाज आला न्हाई," ती म्हणाली.

मी तिचा स्टोव्ह उचलून फाटकाजवळच्या लिंबाखाली नेला. ती शिव्या देत मागे आली. त्या शिव्या येथे सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्यांना हार घालणे चालू असताना टाकी तळाशी फुटली. मळी गुडघाभर झाली. पाहुणे हारासकट जीपच्या टपावर चढले. हॉटेलचे पत्रे वाहून गेले. कोणी माणूस दगावला नाही. छबुबाई लिंबाखाली उभी होती.

माझे यंत्र जप्त झाले आहे. कारखान्याची दुसरी टाकी त्याच ठेकेदाराने बांधली असून मळीने भरलेली आहे. ती तपासली पाहिजे, असे मी चेअरमनना कळवले. त्या टाकीला यंत्र लागलेले नाही, सबब ती सुरक्षित आहे, असे उत्तर आले.

लोकांच्या मागणीवरून चेअरमननी छबुबाईला नुकसानभरपाई म्हणून हॉटेलसाठी नवीन जागा दिली आहे. ती जागा दुसऱ्या टाकीच्या सावलीत आहे. मी काल तिला भेटण्यास गेलो असता वॉचमनने आत सोडले नाही.

हा मजकूर जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी बोललो तसाच आहे. सही करण्यापूर्वी मी विनंती केली की, आजच कोणीतरी जाऊन त्या बाईला तिथून उठवावे. जमादारांनी तेही लिहून घेतले.