माझं नाव पुसलं तवा

ऊन कवळं हाय आज, पण वारं लई झोंबतंय — तुमी भिंतीच्या आडोशाला सरका, साहेब. वैष्णवी, माझी नात, घरातच हाय, बाहेर येईना. कम्प्युटर न्या, पाणी संस्थेचाच हाय तो. पण तिला कामावरून काढायच्या आधी माझं ऐका — कसं सांगावं आता — चूक तिची न्हाई, माझी हाय. हसू नका. मला सही येत न्हाई, अंगठा लावतो, तरीबी माझीच हाय.

पाटाच्या पाण्याची पाळी कुणाची, ते पहाटे ज्याच्या त्याच्या फोनवर आपोआप जायचं — तिनंच बसवलं ते, महिनाभर बिनघोर चाललं. त्या फायलीला तिनं नाव ठेवलं ‘आश्रुबा क्यू’. क्यू म्हंजी रांग. मी म्हणलं, बाई, माझं नाव काढ, लोक म्हणतील म्हातारा सरकारी पाण्यावर नाव घालतोय! ती म्हणली, आबा, मेसेज धाडायचं सामान बाहेरून तयार आणलंय, त्यात क्यू नावाचं आधीच असंल तर घोळ व्हईल, म्हणून पुढं आपलं लावलं. मला कळलं न्हाई का? कळलं की! ऊसतोडीच्या टोळीत आमी दोन आश्रुबा, मुकादमानं हाक मारली की दोघंबी पळायचो — मग तो आष्टीचा आश्रुबा झाला अन् मी माजलगावचा. हे सगळं ठाऊक असून हट्टाला पेटलो, ताटावरून उठलो. पोरीनं पुसलं माझं नाव, राहिलं नुसतं ‘क्यू’.

दुसऱ्या पहाटे त्या बाहेरच्या सामानानं आपला क्यू मागितला, हाती आली आमची रांग — सगळं ठप्प, एकबी मेसेज न्हाई. पाळी होती शेजारच्या भिवराबाईची. ती लेकीकडं गेलती चकलांब्याला. मेसेज आला असता तर पुतण्याला दारं धराया धाडलं असतं. पाणी पुढं निघून गेलं. गहू ओंबीत हाय, अन् पाणी आता एकवीस दिवसांनी — काय राहतंय त्यात?

पारावर माणसं जमली. रामप्रसाद म्हणला, पोरींच्या हाती पाट दिला की हेच व्हायचं. वैष्णवीनं सांगितलं का, आबानं हट्ट केला म्हणून? न्हाई. अन् मी — मी तंबाखू मळत बसलो, साहेब. लई येळ मळली.

काल भिवराबाईच्या दारी गेलतो. सगळं सांगितलं, पाया पडाया वाकलो. तिनं पाय मागं घेतले. म्हणली, “आश्रुबाभाऊ, गव्हाचं माझं मी बघंन. पोरीला बोल बसले पारावर, अन् तुमी माफी माझ्या दारात कावून आणली?”