झूमाली आकेंचा शून्य नंबर

चार बटणं तर दाबायची, म्हणे! नाही, तुम्हीच सांगा, ज्या माणसानं उभ्या आयुष्यात टीव्हीच्या रिमोटचंसुद्धा एकच बटण दाबलंय, तेही आवाज वाढवायचं, त्यानं मला सांगावं की 'एर्मेक, क्लाउडच तर लावायचाय, चार बटणं तर दाबायची'? आणि मी ऐकून घ्यावं? घेतलं हो! न घेऊन सांगतो कुणाला? झूमाली आके, आके म्हणजे आमच्याकडे वडीलधारे, एकाहत्तर वर्षांचे, मी सत्तेचाळीसचा. आमच्या काराकोलमध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाला फक्त मान हलवायचा अधिकार असतो, तोसुद्धा वरून खाली!

तर तुम्हाला सांगतो, गावात तीन ऑफिसं. एक इस्पितळ, तिथल्या मुख्य गुलसायरा एजे, एजे म्हणजे ताई. दुसरं जमीन-नोंदणीचं, तिथे तुर्दूबेक बायके, बायके म्हणजे दादा. आणि तिसरं झूमाली आकेंचं, डोंगरातून चिखल-दगडांचा लोंढा कधी खाली उतरणार ते सांगणारं. तिघांना वरून हुकूम, आपापली सर्व्हर एकत्र जोडा आणि स्वतःचा क्लाउड करा. क्लाउड म्हणजे आभाळात काही नाही हो, सगळं तळघरात! जुन्या बेकरीच्या. अजून पिठाचा वास येतो तिथं. ज्या ऑफिसला जेव्हा जेवढी मशिनं लागतील तेवढी त्या सर्व्हरांतून आपोआप उभी करून द्यायची. त्यासाठी सर्व्हरचे गट पाडायचे, त्यांना सेल म्हणतात, तुम्ही आपल्या खोल्या म्हणा. खोली ज्याची त्याला, नेटवर्क मात्र तिघांत एकच. म्हणजे चुली तीन आणि नळ एक! आता नळ एक म्हटल्यावर भांडण नळावरून होणार की नाही? मीही तेच धरून चाललो होतो. पण नाही... भांडण झालं नंबरावरून.

खोल्यांना नंबर द्यायचे होते हो. एक, दोन, तीन. एवढंच! पण आमच्याकडे मेंढी कापली तर कुठलं हाड कुणाच्या ताटात हे वयावर आणि मानावर ठरतं. माझ्या काकांच्या घरी एकदा मांडीचं हाड चुकून धाकट्या व्याह्यांच्या ताटात गेलं, अकरा वर्षं झाली, थोरले व्याही अजून त्या गल्लीतून जात नाहीत, लांबून वळसा घालतात. तिथं पहिला नंबर कुणाचा हे मी ठरवायचं? मी?

बैठक बसली. आके म्हणाले, "पहिला माझा. दुसरं बोला." गुलसायरा एजे म्हणाल्या, "आके, तुमचा मान मोठा, पण माणसं माझ्या इस्पितळात जन्मतात. आधी जन्म की आधी चिखल?" लगेच तुर्दूबेक बायके, "जन्मायला जमीन नको का? की हवेत जन्मता?" दोन तास! आठ किटल्या चहा! आणि चहा कोण ओततंय? सैकाल. माझ्याबरोबरची इंजिनिअर, बारा वर्षांचा अनुभव, मॅन्युअल माझ्यापेक्षा जास्त वाचलेली. पण ती झूमाली आकेंची धाकटी सून पडली ना! सासरे खोलीत असले की इंजिनिअर संपते, सून सुरू होते. आमच्याकडे सून सासऱ्यांचं नावसुद्धा तोंडानं घेत नाही, त्यांच्यापुढे मत मांडणं तर लांबच राहिलं.

तेवढ्यात माझं डोकं चाललं. कशाला चाललं कोण जाणे! मी म्हटलं, "आके, एकाच्या आधी काय असतं? शून्य! तुम्ही शून्य नंबर घ्या. सगळ्यांच्या वर!" आकेंनी दाढीवरून हात फिरवला. एजेंना पहिला मिळाला, बायकेंना दुसरा, सगळे खूश. सैकालच्या हातातली किटली तेवढी हवेतच थांबली. तिनं माझ्याकडे असं काही बघितलं... मला वाटलं, काय हुशार माणूस आहे असं म्हणतेय मनात.

आता तुम्हाला सांगतो शून्य नंबर म्हणजे काय. ऐका आणि मला शिव्या घाला. या क्लाउडमध्ये शून्य नंबरची खोली आधीपासूनच असते. तिच्यात सर्व्हर नसतात. एखादं मशिन मागितलं, पण जागाच मिळाली नाही, ते उभंच राहू शकलं नाही, तर त्याचं नुसतं नाव त्या खोलीत लिहून ठेवतात. कबरस्तान हो, कबरस्तान! मला माहीत होतं का? होतं! मी मनात म्हटलं, बाहेर पाटी लावू शून्याची, आत गुपचूप आकेंची सर्व्हर तिसऱ्या खोलीत नोंदवू, कुणाला काय कळतंय! पण आके दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन माझ्या पाठीशी येऊन बसले. पाच दिवस! "हे शून्य दिसतंय ते माझं ना? मग झालं. आता हात लावायचा नाही. चार बटणं तर दाबायची, किती टकटक करतोस!" त्यांची सर्व्हर कुठल्याच खोलीत नोंदवली गेली नाहीत हो. उद्या करू, उद्या करू...

त्यात एक दिवस इस्पितळानं मागितलेली दोन मशिनं उभी राहिली नाहीत, गेली शून्यात. आकेंनी पडद्यावर नावं बघितली आणि छाती ही एवढी फुगली! "बघ, गुलसायराकडची मंडळीसुद्धा शेवटी माझ्याच घरी आली." मी म्हटलं, "आके, पुसून टाकतो." तर माझ्यावरच डोळे वटारले, "पुसतोस? दारी आलेल्या पाहुण्याला?"

हसताय? मीही हसलो असतो. पण वर आक-बुलाकला नदीच्या अगदी काठावर एक्केचाळीस घरं आहेत, आणि त्यातलं एक माझ्या आईचं. आई हटवादी. "गेल्या वर्षी झूमालीनं नुसत्या अंदाजावर दोनदा उठवलं," म्हणे, "चिखल काही आला नाही, त्या पळापळीत माझी गाय मात्र गेली. आता यंत्र घेतलंय ना? मग यंत्र सांगेल तेव्हा उठू." आख्ख्या गावाचं हेच. यंत्रानं सांगितल्याशिवाय कुणी उंबऱ्याबाहेर पाय टाकणार नव्हतं.

आणि यंत्राची खोली कुठली? शून्य.

उद्घाटन शुक्रवारी. जूनचा महिना, डोंगरात तीन दिवस पाऊस, वरचं बर्फ वितळतंय, आणि आमच्याकडे बेकरीच्या अंगणात मेंढी कापलेली, मेजावर बोरसोकचे, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचे, ढीग, तिन्ही ऑफिसांचे लोक नवे कल्पाक, आमच्या उंच लोकरी टोप्या, घालून हजर. आकेंनी सगळ्यांसमोर सहा मशिनं मागितली, लोंढ्याचं गणित करायला. सहाही नावं उमटली. शून्यात. टाळ्या! मी कोपऱ्यात उभा. आके म्हणाले, "पाहिलंत? चार बटणं तर दाबायची!" आणि सगळे जेवायला बसले.

एक वाजून दहा मिनिटांनी आईचा फोन. "अरे, नदी गप्प झालीय."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"सकाळपासून ओरडत होती, आता पाणी घोट्याएवढं. बरं झालं, कपडे धुऊन घेते."

तुम्हाला सांगतो, भर पावसात डोंगरातली नदी गप्प होते ती एकाच कारणानं, वर कुठेतरी चिखलानं वाट अडवलेली असते आणि त्यामागे पाणी साठत असतं. मी म्हटलं, "आई, कपडे राहू दे, वर शाळेपाशी जा." तर म्हणते, "यंत्र काय म्हणतंय?" यंत्र! मी धावलो. आके मेंढीचं डोकं पुढ्यात घेऊन बसलेले, त्यांचा मानच तो. कानात सांगितलं, नदी गप्प झालीय. पण त्यांचाही चेहरा बदलला बरं का, चाळीस वर्षं त्यांनी त्या नद्यांचीच नोकरी केलीय. सुरी खाली ठेवून उठले, पडद्यापाशी गेले, बघितलं, आणि हुश्श केलं. "सहाही माझ्या घरात सुखरूप बसलीत. धोका असता तर बोलली नसती का? गप्प आहेत म्हणजे ठीक आहे. आण फोन, गावाला सांगतो, काही भीती नाही म्हणून."

आणि फोन उचलला हो त्यांनी! नंबर लावायला लागले! एक आकडा... दुसरा आकडा... सैकाल किटली घेऊन भिंतीशी, चेहरा पांढराफटक, ओठ हलतायत, आवाज नाही. सासऱ्यांपुढे कसा निघणार? आणि मला तरी कुठे निघत होता? अंगणात पन्नास माणसं, त्यांच्यासमोर मी वडील माणसाला सांगायचं, की आके, तुम्हाला मी मानानं नेऊन...

सांगितलं. ओरडूनच सांगितलं. "आके, ठेवा तो फोन! शून्य म्हणजे कबरस्तान आहे! तिथं जिवंत काही नसतं! तुमची सहाही मशिनं उभीच राहिली नाहीत, मी तुम्हाला फसवलं!"

आकेंनी कल्पाक काढला, डोकं पुसलं, परत घातला. मला वाटलं, आता सुरी येते. तर म्हणाले, "जिवंत करायला किती वेळ?"

"वीस मिनिटं. पण आके, तिसरा नंबर मिळेल. सगळ्यांच्या शेवटचा, दाराजवळचा, धाकट्यांच्या जागेचा."

"दाराबाहेर बसव रे गाढवा, पण बसव!"

मी खाली तळघरात. तिसरी खोली नोंदवली, सर्व्हर जोडली, सहा मशिनं मागितली... एक उभं राहिलं, दुसरं राहिलं, सहाही राहिली! आणि वर घाटात पाणी मोजायला बसवलेल्या उपकरणांचे आकडे काही येईनात. नेटवर्क तुंबलेलं! का? तर उद्घाटनाची शान म्हणून गुलसायरा एजे आठ वर्षांचे एक्स-रे राजधानीला, बिश्केकला पाठवत होत्या. नळ एकच ना! वर ओरडलो, एजे, थांबवा. "अर्धे गेलेत रे, आता थांबवलं तर पहिल्यापासून..." आणि मग त्याच म्हणाल्या, "जाऊ दे, जळू दे ते एक्स-रे!" आणि स्वतः खाली येऊन त्यांनी केबल उपटली. सांगितलं होतं नुसतं पाठवणं थांबवायला, यांनी केबलच उपटली! पण बरोबर उपटली.

दोन वाजून चार मिनिटांनी निकाल आला. लोंढा आक-बुलाकला पोचणार साडेतीनच्या सुमाराला. आकेंनी स्वतः आईला फोन केला. "बाई, यंत्र सांगतंय, उठा." आणि आई उठली हो! शिलाईमशिन आणि दोन कोंबड्या घेऊन. मागोमाग आख्खं गाव शाळेच्या टेकडीवर.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी आला लोंढा. नऊ घरं गेली. आईची पडवी आणि गोठा गेला. माणूस एकही नाही. मी त्या तळघरात पिठाच्या वासात बसून रडलो, खोटं कशाला सांगू?

आता ऐका. सोमवारी मी आणि सैकाल दोघंच होतो. मी म्हटलं, "नंबराच्या पायी केवढं होऊन बसलं असतं गं." तर ती म्हणते, "एर्मेक बायके, मशिनला नंबराशी काही देणंघेणं नसतं. ते खोली ओळखतं आतल्या लांबलचक खुणेवरून. पाटी काहीही लावा. तिघांनाही पहिला नंबर दिला असतात तरी चाललं असतं."

तिघांनाही पहिला! मी म्हटलं, "अगं, मग बैठकीत बोलायला काय झालं होतं?"

"तिथं मी चहा ओतत होते."

लागलं हो ते मला. लागलंच! मी त्याच दिवशी ठरवलं, आता पुढच्या बैठकीत आधी हिला बोलू द्यायचं, सासरे असोत नाहीतर सासऱ्यांचे सासरे. आणि परवा झाली की बैठक! वनखात्याचे साहेब आलेत, त्यांना चौथी खोली हवी, वय वर्षं चौऱ्याहत्तर, नंबरावरून पुन्हा सुरू. मी उभा राहिलो. सगळ्यांदेखत म्हटलं, "थांबा, यातलं सैकालला कळतं. सैकाल, तू बोल." तिनं किटली खाली ठेवली. रुमाल सारखा केला डोक्यावरचा. सासऱ्यांकडे बघितलं. आकेंनी मान हलवली, बोल म्हणून! बारा वर्षांत पहिल्यांदा! तिनं तोंड उघडलं... आणि वनखात्याच्या साहेबांनी चहाची वाटी पुढे केली, "हो हो, बोलेल ती, आधी गरम आहे तोवर चहा दे." मग आकेंची वाटी पुढे, एजेंची पुढे, बायकेंची पुढे...

आणि तुम्हाला सांगतो, मला कळलंच नाही हो कधी ते... माझीही पुढेच होती.