हा वाटा कोणाचा?

देवकाबाई: …तर रुखमा, इथी समदे खुशाल हाय. तुमी बी खुशाल असान. पुढं सांगायचं म्हणजे…

दामिनी: थांब, माय. मावशीच्या प्रफुलनं माजरीहून लिहून पाठवलं. तू बोलून पाठवलेलं मावशी 'खुशाल'पर्यंत ऐकते न मोबाईल उलटा ठेवते. तिन्ही खेपेले.

देवकाबाई: म्हणजे मले मुद्द्यावर पोचूच देत नाई.

दामिनी: तू पोचतच नाई. काल दोन मिनिटं तळ्यात पाणी किती हाय तेच सांगितलं.

देवकाबाई: गोष्टीले बूड पायजे न?

दामिनी: आधी तोंड पायजे. ऐकणाऱ्याले वाटलं पायजे, आता काय होते!

देवकाबाई: मंग असं म्हणू? 'रुखमा, गावात वाघ आला.'

दामिनी: कधी आला?

देवकाबाई: दोन वर्षांआधी.

दामिनी: तिचीच बकरी नेली त्यानं. तिले मालूम हाय.

देवकाबाई: 'मी खाटेवरून उठत नाई' म्हणू?

दामिनी: सकाळी दोन ताटं भात खाल्ला तू.

देवकाबाई: खाटेवर बसूनच खाल्ला.

दामिनी: माय, त्या दिवशी तळ्यावर जे झालं, तिथूनच सुरू कर.

देवकाबाई: ते तिले नाई मालूम का? समदं गाव व्हतं.

दामिनी: तुयाकडून नाई ऐकलं तिनं.

देवकाबाई: काय सांगू? मासे काढले, तळ्याच्या पाळीवर घरटी वाटे लावले. मी नेहमीसारखी पाठ करून बसली. मांगून कोणी वाट्यावर हात ठेवते, 'हा कोणाचा?' विचारते. मी न पाहता एकेकाचं नाव घेतो. तीस वर्षं घेऊन राह्यली. सातव्याले तोंडातून निंगालं, 'गोविंदाचा.'

दामिनी: गोविंदा मावसाजीले वारून महिना झाला व्हता. मावशीचं नाव घ्याचं व्हतं.

देवकाबाई: मले मालूम व्हतं. जिभेले नव्हतं. रुखमा उठली, टोपली तिथीच ठेवली, न दुसऱ्या दिवशी पोराकडं निंगून गेली. चार महिने झाले. लहानपणी माया पाठीवर बसून तळ्यात पवाले शिकली थे.

दामिनी: दाबलं बटन. बोल.

देवकाबाई: आधी रामराम नको?

दामिनी: नको.

देवकाबाई: (भिंतीकडं तोंड, दामिनीकडं पाठ करून) हा वाटा कोणाचा?… रुखमाचा.

दामिनी: आन्?

देवकाबाई: एवढंच. पाठव.

दामिनी: गेलं… प्रफुल लिहून राह्यला. मावशीनं पुन्हा लावलं म्हणते. अजून एकदा लावलं… माय, हे तिच्याकडून आलं. दोनच सेकंदाचं हाय. लावू?

देवकाबाई: लाव.

रुखमाचा आवाज: माया वाट्यात मासा कोणता व्हता?