नव्वदचं अ‍ॅव्हरेज

पेट्रोल पंपाच्या रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ स्कूटर ढकलत होते. बायको मागच्या सीटवर बसलेली. तिने विचारलं,

“अहो, पेट्रोल संपलं का?”

“छे! अर्धी टाकी आहे.”

“मग चालू करा की!”

“पेट्रोल केवढं महागलंय! ढकलली तरी मीटर पळतोच. काल लिटरला नव्वदचं अ‍ॅव्हरेज दिलं गाडीने!”

“मी उतरते बाई.”

“बस गप! रिकाम्या गाडीचं अ‍ॅव्हरेज कोण खरं धरणार?”

“मग पंपावर कशाला आलोय?”

“हवा भरायला. हवा कमी असली की ढकलायला जड जाते.”

“उद्या आईकडे जायचंय, घाट आहे मध्ये.”

“पहाटे निघू.”

“धाप लागलीय तुम्हाला. बसा, मी ढकलते.”

“नको. तुझ्या हातात गाडी गेली की अ‍ॅव्हरेज पडतं.”