सुखराम काकाजींचं अस्तर

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय नागसेनजी, आमच्या अवजार संस्थेचे सचिव भोजराजजी, लांजीहून सकाळची बस धरून आलेल्या बांबू कारागीर भगिनी, आणि ज्यांच्यासाठी बालाघाटातला हा हॉल आज भरला आहे ते आमचे सुखराम काकाजी व तुळसाबाई काकी, आपणा सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

मी मंजू. काकाजींच्या हाताखाली सुऱ्या घासायला शिकले. माझी मराठी घरातली, शाळा सगळी हिंदीतली, तेव्हा मधेच हिंदी निघाली तर सांभाळून घ्यावं. भोजराजजींनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि त्यांचं घड्याळ त्यांनी मघाच टेबलावर काढून ठेवलं आहे. मला ते दिसतं आहे, साहेब.

पाहुण्यांना आमचं काम ठाऊक नसेल, म्हणून थोडं सांगते. आमच्याकडे लोखंडाची एक गोल तबकडी आहे. ती मोटरवर गरगर फिरते. तिच्यावर रेगमाल, म्हणजे घासायचा खरखरीत कागद, चिकटवायचा आणि सुरीचं पातं त्यावर टेकवायचं. बस, एवढंच काम. पण तबकडी आणि रेगमाल यांच्यामधे काहीतरी घालावं लागतं. त्याला आम्ही अस्तर म्हणतो. काच घातली तर पातं सपाट आणि पातळ उतरतं. चामडं घातलं तर धारेला गोलाई येते, ती दणकट होते. राइस मिलच्या जुन्या पट्ट्याचं रबर या दोघांच्या मधलं. कोणत्या सुरीला कोणतं अस्तर, ही सगळी विद्या.

ही विद्या काकाजी कुठे शिकले? कुठेच नाही. बाई सुरी घेऊन आली की ते तिला आधी बांबूचं एक कांडं फोडायला लावत. तिच्या मनगटाकडे बघत बसत, आणि मग उठून अस्तर निवडत. मी पहिल्या महिन्यात विचारलं, काकाजी, काही नियम असेल ना? ते म्हणाले, "हाये ना. जिथं हाणाचं हाये तिथं नरम, जिथं सोलाचं हाये तिथं कडक. आता बाकीचं मले नोको विचारू, बाईले विचार." म्हणजे कुऱ्हाडीला चामडं, विळ्याला रबर, आणि सुपाच्या कमच्या, म्हणजे बांबूच्या पातळ पट्ट्या, सोलायच्या सुरीला काच. एकतीस वर्षांत त्यांचं एकही अस्तर चुकल्याचं कोणी सांगत नव्हतं.

सांगत नव्हतं. इथे मला थोडं थांबावं लागतं. पाणी मिळेल का? धन्यवाद.

आत्ताच भोजराजजी म्हणाले की काकाजी स्वेच्छेने, दोन वर्षं अगोदर निवृत्त होत आहेत. हे खरं नाही, साहेब. तुम्हाला ठाऊक नाही म्हणून तुम्ही म्हणालात. मला ठाऊक आहे, आणि या समोरच्या तीन रांगांतल्या बायांनाही ठाऊक आहे.

तबकडीच्या थरथरीने काकाजींची बोटं बधिर झाली. गेल्या दिवाळीपासून तर चहाचा ग्लास गरम आहे की गार, तेही त्यांना ओठाला लावल्यावर कळतं. काचेवर पातं जरा तिरकं झालं तर बोटाला कळावं लागतं, नाहीतर धार जळते. चामडं जरा सांभाळून घेतं. म्हणून काकाजी हळूहळू सगळ्यालाच चामडं लावायला लागले. सुपाच्या सुरीलाही. धार गोल व्हायची, कमचीवरून घसरायची. बाया काय म्हणायच्या? "बढिया हाये, काकाजी." आणि दुपारी काकाजी जेवायला घरी गेले की मागच्या दाराने माझ्याकडे यायच्या. "मंजू, जरा पाहून दे वं. त्याइले सांगू नोको."

मी काय करायला पाहिजे होतं? सांगितलं असतं तर काकाजींचा मान जात होता. सुऱ्या तशाच जाऊ दिल्या असत्या तर बायांचं काम अडत होतं. मी काच लावून घासून देत राहिले आणि काकाजी यायच्या आत काच काढून चामडं जागेवर लावत राहिले. आठ महिने. आपण मोठं शहाणपण करतो आहोत असंही मला वाटायचं, हे कबूल करते.

जूनमधे एक दिवस काकाजी चष्मा विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले. दारात चार बाया उभ्या, चौघींच्या हातात त्यांनीच सकाळी घासलेल्या सुऱ्या, आणि तबकडीवर काच. काकाजी म्हणाले, "चालू दे." टेबलावरचा चष्मा घेतला आणि गेले. पुढच्या सोमवारी त्यांचा अर्ज आला.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला रागवा म्हणून मी त्यांच्या घरीसुद्धा गेले. त्यांनी मला पोहे खाऊ घातले.

गेल्या शनिवारी ते काकींची सुरी घेऊन आले. काकी सुपं विणतात, आपण सगळे जाणता. काकाजी बायांच्या मागे रांगेत उभे राहिले. पाळी आल्यावर मला म्हणाले, "याले खाली काय लावतं तू?" ज्यांनी मला अस्तर दाखवलं ते मला विचारत होते. मी म्हणाले, तुम्ही सांगाल ते. त्यांनी सुरी हातात फिरवली, बराच वेळ फिरवली, आणि म्हणाले, "चामडं लाव." मी चामडं लावलं.

आज सकाळी याच हॉलच्या दारात मी काकींना विचारलं, सुरी कशी चालते? त्या म्हणाल्या, "नाही चालत वं. पन ते समोर बसून विचारते, तं मी हौ म्हनतो." काकी, मान खाली घालू नका. तुमच्यासारखंच आम्ही सगळ्यांनी केलं आहे.

काकाजी, चामडं चूक होतं. मला घासतानाच माहीत होतं. हे तुम्हाला वर्षभर आधी, एकट्याला, तुमच्या ओसरीवर सांगायला हवं होतं. ते जमलं नाही आणि आज माइकवर बोलून बसले. याहून वाईट जागा कोणती असेल, मला माहीत नाही.

संस्थेने हा कार्यक्रम घडवला, अध्यक्षांनी वेळ दिला, लांजीच्या बहिणींनी दिवसाचं काम सोडलं, सर्वांची मी आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर लहान समजून पोटात घाला. काकाजी, तुम्ही मात्र घालू नका. सोमवारी काकींची सुरी घेऊन या, माझ्याजवळ बसा, आणि मी विचारीन तेव्हा काच म्हणा.